मुलामा उतरलेली जाळी

१

चोरानं चोरलं काय, तर दुकानातली सगळ्यात कळकट वस्तू.

धातूवर मुलामा चढवण्याचं दुकान ते. दाराशी दोन बंपर आरशासारखे लखलखत उभे होते. फळीवर निकेलच्या जाडजूड पट्ट्या रचलेल्या होत्या. त्या पिशवीत घालून नेल्या असत्या तरी चोराचं भलं झालं असतं. पण पठ्ठ्यानं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्यानं आतल्या खोलीतून नेली एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीची पुढची जाळी. तीही बोडकी. आदल्या दिवशी तिचा जुना क्रोम उतरवला होता आणि नवा अजून चढायचा होता. कुलूप शाबूत, खिडकीचे गज शाबूत आणि जाळी गायब.

मी विमा कंपनीची सर्व्हेयर. ऑफिसात मला पाठीमागे 'चिमटा' म्हणतात आणि ते मला ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक नाही. लोक डोळ्यांत पाणी आणून जे सांगतात त्यातलं खरं किती ते निवडून काढायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. त्यानं स्वभाव खवट होतो, त्याला इलाज नाही.

दुकानात पाऊल टाकलं आणि दारावरची बुटकी तुळई खाडकन कपाळावर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"बसा, बसा. सगळ्यांनाच बसते ती," आतून एक तरुण बाई ओला फडका घेऊन आली. "पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस हा प्रसाद घेऊनच आत येतो. दुसऱ्या खेपेला मान आपोआप वाकते."

ही बफवाली. धातूला चाकावर घासून, म्हणजे बफ मारून, गुळगुळीत करण्याचं काम तिचं. हात कोपरापर्यंत काळे, केस कोरडे भुरभुरीत. मी केसांकडे पाहते आहे हे तिच्या लक्षात आलं.

"इथं तेल चालत नाही, मॅडम. तेलाचं बोट जरी लागलं तरी मुलामा धरत नाही, पापुद्रा निघतो. नवी होते तेव्हा एकदा डोक्याला तेल लावून आले, तर मालकांनी दारातूनच घरी पाठवलं. तेव्हापासून हा झाडू वागवतेय."

मालक कोपऱ्यात स्टुलावर बसले होते. वय झालेला, खांदे पडलेला माणूस. बोलण्याआधी खोकायचा आणि बोलून झाल्यावरही खोकायचा.

"तुम्ही कशाला आलात एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "मी गाडीच्या मालकिणीला म्हटलंय, नवी जाळी मी करून देतो. पदरचं घालून देतो. क्लेम कशाला?"

क्लेम नको म्हणणारा माणूस माझ्या धंद्यात रोज भेटत नाही.

आतली खोली अ‍ॅसिडची. तिथं मालकांखेरीज कोणी पाऊल टाकायचं नाही असा नियम. वाफेनं छातीचं वाटोळं व्हायचं ते माझंच होऊ दे, असं ते म्हणायचे. टाकीतून काढून धुतलेले तुकडे ठेवायला भिंतीलगत एक फळी होती, तिच्यावर जाड पांढरं कापड अंथरलेलं. कापडावर जागोजागी तांबूस रेघा उठल्या होत्या. उघडं लोखंड ओलं राहिलं की तासाभरात गंजतं, त्याचे ते डाग.

"जाळी इथं होती," मालकांनी रिकाम्या टोकाकडे बोट केलं. "दुपारी मुलामा उतरवला, धुतली, इथं ठेवली. मग मला ठसका लागला म्हणून मी लवकर घरी गेलो. कुलूप हिनं लावलं."

"आत डोकावली होतीस?" मी बफवालीला विचारलं.

"नाही. मी आत जात नाही. आणि मशीन चालू असलं की माझ्या पाठीशी बँड वाजला तरी कळत नाही."

मी त्या रिकाम्या जागेवर बोट फिरवलं. बोट ओशट झालं. रुमालाला पुसून मी बाहेर आले.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "चोर कोण ते शोधायला सर्व्हेयर कशाला हवी? चोर तुमच्यासमोर उभी आहे."

२

बोलणारा माणूस साठीपलीकडचा, कडक इस्त्रीतला. बोलता बोलता तुळईखाली मान वाकवून तो झोकात आत आला. त्याच्या मागून आलेल्या तिशीच्या बाईनं मात्र कपाळ आपटून घेतलं आणि "आई गं" म्हणून मटकन बंपरशेजारी बसली.

ती गाडीची मालकीण, एका दिवंगत डॉक्टरांची लेक. तो तिचा काका, डॉक्टरांचा धाकटा भाऊ.

"मी इथं आज पहिल्यांदाच पाऊल टाकतोय," काका म्हणाले, "आणि टाकल्या टाकल्या कळलं की इथं काम कोण करतं. हिचा बाप आमचा ड्रायव्हर होता. आमची मोठी गाडी घेऊन भटकायला गेला आणि गणिताच्या मास्तरांना उडवलं. मास्तर जागच्या जागी गेले. हा न थांबता पळाला. दादानं कोर्टात खरं ते सांगितलं, मीही सांगितलं. जेल झाली त्याला. आता लेक सूड उगवतेय. किल्ली हिच्याकडेच होती ना?"

बफवालीनं फडका पिळला, घडी घातली.

"बापानं केलं ते केलं," ती म्हणाली. "मी कधी नाही म्हटलं नाही. मास्तरांच्या बायकोला रस्त्यात बघितलं की मी आजही दुसरी गल्ली धरते. पण जाळी मी नेली नाही."

"ह्या पोरीचं नाव घेऊ नका," मालक एकदम म्हणाले. इतक्या जोरात की त्यांना उबळ आली आणि पुढचं वाक्य खोकल्यातच गेलं.

"मग कोणाचं घेऊ? तुमचं?" काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मालकांनी मान खाली घातली.

डॉक्टरांची लेक बिचारी कानकोंडी झाली होती. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मला कोणावर आळ घ्यायचा नाही. बाबा गेले, गाडी कधीची गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. काका म्हणत होते, मेलेल्याला कशाला उठवतेस. पण बाबांची लाडकी गाडी होती हो. एकदा तरी रस्त्यावर आणावी असं वाटलं."

तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. धुळीनं माखलेली बुटकी, लांब नाकाची गाडी. समोरच्या जाळीवर क्रोम फुगून तांबूस फोड आले होते, अंगावर देवी याव्यात तसे.

"कधी ठोकली वगैरे होती?"

"छे, छे," काकांनी मागून उत्तर दिलं. "दादा गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपायचा. तिला कधी ओरखडाही आला नाही. सर्व्हेयरबाई, उद्यापर्यंत तुमचा रिपोर्ट द्या. नाहीतर मी पोलिसांत जातो. जेल झालेल्या माणसाची पोरगी, किल्ली तिच्याजवळ. पोलिसांना एवढं पुरे आहे."

आणि ते खरं होतं. एवढं पुरतं.

३

बॉडी दुरुस्त करणारा मिस्त्री म्हणजे बोलघेवडा माणूस. मी गॅरेजात पोचले तेव्हा तो गाडीच्या नाकाशी उकिडवा बसून पत्र्याशी गुलुगुलु बोलत होता. जाळी नसलेली ती गाडी समोरून बघवत नव्हती. दात पडलेल्या माणसानं तोंड उघडावं तसं दिसत होतं.

"माझ्यावर संशय आहे का?" त्यानं आल्या आल्या विचारलं. "असेल तर चहा नंतर पाजतो, नसेल तर आत्ता."

"आत्ता पाज."

चहा घेता घेता मी विचारलं, जाळी काढली तेव्हा नीट बघितली होतीस का. तो कान धरून म्हणाला, "खोटं कशाला बोलू? नाही. वर धुळीचं पुट, मी घाईत. काढली, गोणपाटात गुंडाळली, धाडून दिली. बघायचं ते मुलामा उतरल्यावरच. आमची रीतच आहे ती. क्रोमखाली काय काय लपलेलं असतं, देवाला माहीत. उघडा धातू झाला की मी जाऊन बघतो, वाकलेलं सरळ करतो, मग ते पुढचा मुलामा देतात. आज सकाळी जाणारच होतो."

"मालकांना ठाऊक होतं?"

"त्यांनीच शिकवलेली रीत. त्यांना नसेल तर कुणाला असेल?"

त्यानं एक खोकं पुढे ओढलं. आत दिव्यांच्या गोल कड्या होत्या, मुलामा उतरवलेल्या. पिवळ्याधमक.

"पितळ," तो प्रेमानं म्हणाला. "ह्या गाडीचं बाहेरचं सगळं नक्षीकाम पितळेचं. जाळीसुद्धा. गाडी म्हातारी झाली तरी पितळ गंजत नाही. फार तर हिरवट होईल."

मी कप खाली ठेवला. मोबाइलवरचा फोटो मला आठवला.

"आणि हे बघा," मिस्त्री गाडीच्या नाकावर टिचकी मारत म्हणाला. पत्र्याचा आवाज टणटण येत होता, जाळीच्या जागेजवळ मात्र भद्द आला. "काका म्हणतात ओरखडा नाही. इथं रंगाखाली पुट्टीचा थर आहे, भाकरीएवढा जाड. नाक चेपलं होतं हो हिचं. कोणीतरी घाईघाईनं भरून टाकलंय. चांगल्या कारागिराचं काम नाही, घरच्या घरी उरकलेलं दिसतंय."

४

बफवाली मला दुकानामागच्या नळावर भेटली. हात धूत होती. ते काळे डाग साबणानं जात नाहीत हे तिला माहीत असावं, तरी घासत होती.

"पोलीस येणार का, मॅडम?"

"तू नेली नसशील तर घाबरतेस कशाला?"

"बाप पण हेच म्हणायचा म्हणे," ती म्हणाली. "मी नेली नाही, मी नेली नाही. गाडी म्हणजे. आई सांगायची. आई त्याच काळजीनं गेली, तो आत असतानाच. मी मामाकडे वाढले. मामाच्या घरात बापाचं नाव निघालं की मामी ताट आपटायची. मग सुटून आला. आता माझ्याजवळ असतो, एका खोलीत."

"काय म्हणतो?"

"काय म्हणणार? जेवायला वाढते, जेवतो. खिडकीशी बसतो. गल्लीतली पोरं त्याला बघून गाडीचा हॉर्न वाजवल्यासारखं करतात. तो ऐकून घेतो."

"तू त्याला कधी विचारलंस, त्या दिवशी काय झालं?"

तिनं नळ बंद केला. "कोर्टानं विचारलंय की. मी आणखी काय विचारू?"

मग ती म्हणाली, "मला काम कोणी देत नव्हतं. ह्या मालकांनी आपण होऊन बोलावलं, हातात हात धरून शिकवलं. माझ्यामुळे दुकानाला बट्टा लागू नये, एवढंच. मला काढलं तर चालेल. पण चोर म्हणून काढलं आणि ते बापाला कळलं, तर तो मान वर करायचा नाही पुन्हा. आधीच किती खाली गेलीय ती."

मला आतून गलबलून आलं आणि त्याचा रागही आला. कारण जाळी कोणी नेली ते मला एव्हाना कळलं होतं, आणि ते हिला सांगणं म्हणजे हिच्या डोक्यावरचं छप्पर काढून घेणं होतं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना दुकानात बोलावलं. मिस्त्री, डॉक्टरांची लेक, काका, बफवाली. मालक होतेच. रात्रभर झोपले नसावेत, चेहरा राखेसारखा झाला होता.

"रिपोर्ट?" काकांनी विचारलं.

"तोंडी देते," मी म्हणाले. "आधी एक साधा प्रश्न. चोरानं सगळ्यात कळकट वस्तू का नेली? विकायला नेली नाही, हे उघड आहे. ती कोणाला दिसू नये म्हणून नेली. मुलामा चढलेली जाळी इतकी वर्षं सगळ्यांसमोर होती, तेव्हा कोणाला भीती नव्हती. उघडी झाली आणि दुसऱ्या सकाळी मिस्त्री बघायला येणार होता. मग तिला पाय फुटले."

"बघण्यासारखं काय होतं त्यात?" लेकीनं विचारलं.

"तुमच्याच फोटोत आहे. जाळीवर तांबूस फोड आहेत. तो गंज आहे. ह्या गाडीची जाळी पितळेची असते आणि पितळ गंजत नाही. म्हणजे तुमच्या गाडीवर होती ती जाळी मूळची नव्हती. लोखंडाची होती, कोणीतरी मागाहून बनवलेली. मूळची तुटली, नाकही चेपलं. नाकात पुट्टी भरली आणि जाळी नवी केली. काका म्हणतात ओरखडाही आला नाही. मग हा अपघात कुठला, जो घरात कोणालाच आठवत नाही?"

डॉक्टरांच्या लेकीनं मोबाइल काढून फोटो मोठा करून बघितला.

"कहाण्या रचताय तुम्ही," काका म्हणाले. "चोरी कोणी केली ते सांगा. किल्ली हिच्याकडे होती."

"किल्ली लागलीच नाही. जाळी कुलूप लागायच्या आधीच बाहेर गेली होती." मी आतल्या खोलीतलं ते पांढरं कापड आणलं होतं, ते बंपरवर पसरलं. "ह्या तांबूस रेघा बघा. ओलं लोखंड ठेवलं की कापडावर गंज उमटतो. जाळी लोखंडाचीच होती, मग तिची रेघ कुठं आहे? नाही. तिच्या जागी आहे तेलाचा डाग. ज्या दुकानात डोक्याला तेल लावलेलं चालत नाही, तिथं."

मिस्त्रीनं कापडाचा वास घेतला. "मशीनचं तेल," तो हळूच म्हणाला.

"जाळीला तेल लावलं ते गंज यायच्या आत, म्हणजे पाण्यातून काढल्या काढल्या. बफवाली आत जात नाही. तिनं ती उघडी पाहिलीच नाही. तिच्या लेखी जाळी पितळेची होती आणि पितळेला तेल कोण लावतं? बाहेरच्या माणसानं नेली असती तर तेलबिल न लावता नेऊन नदीत फेकली असती. जाळीला तेल लावलं ते अशा माणसानं, ज्याला पक्कं ठाऊक होतं की हिच्यावर आता मुलामा चढणार नाही, पण उघडं लोखंड गंजायला टाकून देणं ज्याच्या हातांना जन्मात जमलं नाही. मनानं चोरी केली, हातांनी मात्र रोजचं काम केलं."

मी मालकांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. बफवालीच बघत होती.

"मालक?" ती म्हणाली.

"ह्या म्हाताऱ्यानं केलं असेल तर त्याचं तो बघेल," काका उठले. "माझा काय संबंध?"

"तुम्ही इथं काल पहिल्यांदा आलात ना?" मी म्हणाले. "माझ्या कपाळावर टेंगूळ आहे. तुमच्या पुतणीच्या कपाळावर आहे. पहिल्यांदा येणाऱ्या कोणालाच ती तुळई सोडत नाही. तुम्ही बोलता बोलता, वर न बघता, मान वाकवून आत आलात."

काका उभ्या उभ्या थबकले. मग त्यांनी मालकांकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तोंड उघडू नकोस. तुलाही जड जाईल."

मालक स्टुलावरून उठले. त्यांनी स्टुलाखालची गोणपाटाची गुंडाळी काढली आणि सोडली. आत तेलानं चमकणारी करडी जाळी होती. तिच्यावर गंजाचा ठिपकासुद्धा नव्हता.

"नदीवर घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "फेकवली नाही."

६

ते उभ्यानंच बोलले, आणि नवल म्हणजे एकदाही खोकले नाहीत.

"वीस-बावीस वर्षं झाली. एका सकाळी डॉक्टर आणि हे त्यांचे भाऊ, दोघं तुटकी जाळी घेऊन आले. म्हणाले, झाडाला लागली, लगेच नवी हवी. पितळ मिळेना. मी लोखंडात बांधली, क्रोम चढवून दिली. दोन दिवसांनी ऐकलं की मास्तरांना उडवलं म्हणून ड्रायव्हरला धरलंय. मोठ्या गाडीचा दिवा फुटलाय म्हणे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवा फोडायला काय, एक हातोडी पुरते."

"मग बोलला का नाहीत?" मिस्त्रीनं विचारलं. त्याच्या आवाजातला सगळा खट्याळपणा गेला होता.

"माझी बायको तेव्हा डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांच्याशिवाय ते करणारं इथं दुसरं कोणी नव्हतं." मालकांनी जाळीवरचं तेल अंगठ्यानं पुसलं. "ते त्यांनी केलं. ती वाचली, पुढं पुष्कळ जगली. मी रोज तिच्या हातचं जेवलो आणि रोज मला तो ड्रायव्हर आठवला. ती गेल्यावर बोलायला हरकत नव्हती. पण तोपर्यंत तो शिक्षा भोगून आला होता. आता बोलून काय होणार, असं मनाला सांगितलं. मन काय, सांगितलं की ऐकतं."

"आणि परवा?" मी विचारलं.

"गोणपाट सोडलं आणि फोड दिसले तेव्हाच शंका आली. तरी म्हटलं, दुसरी कुठली असेल. मुलामा उतरला आणि माझ्याच हातानं जोडलेला सांधा उघडा पडला. तेवढ्यात हे आले. म्हणाले, ही कोणाच्या नजरेला पडता कामा नये. ह्या पोरीचं मशीन चालू होतं. मी मागच्या मागं घेऊन गेलो. वाटलं, हरवली म्हणून सांगू, पितळेची नवी करून देऊ. मिटेल." त्यांनी काकांकडे बोट केलं. "आणि काल ह्यांनी हिच्याकडे बोट दाखवलं. तोच माणूस, तेच बोट. बापाच्या वेळी मी गप्प बसलो. लेकीच्या वेळीही पहिला दिवस गप्पच बसलो. आता नाही बसायचं."

डॉक्टरांची लेक काकांसमोर जाऊन उभी राहिली. "गाडी कोण चालवत होतं?"

कडक इस्त्रीच्या आतला माणूस आक्रसत गेल्यासारखा दिसला.

"दादा," काका म्हणाले. "मी शेजारी होतो. तो थांबणार होता. मीच म्हटलं, चल. त्याच्या जिवावर अख्खा दवाखाना होता. ड्रायव्हरच्या जिवावर काय होतं?"

"मी होते," बफवाली म्हणाली.

डॉक्टरांच्या लेकीनं जाळी उचलली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा. पोलिसांना लागेल. काका, तुम्ही माझ्याबरोबर चला. आत्ता. मी सांगेन त्यांना, तुम्ही नाही सांगितलंत तर." बापाचं कौतुक करायला आलेली पोर बापाचा गुन्हा सांगायला निघाली होती. मला तिच्याबद्दल फार आदर वाटला.

मालक म्हणाले, "मीही येतो. पण आधी मला एका ठिकाणी जायचंय."

७

बफवालीची खोली पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी. खिडकीशी म्हातारा बसला होता. लेक अवेळी आलेली बघून तो गडबडून उठला. तिच्यामागं मी आणि माझ्यामागं मालक. आधी तो मला भ्यालाच. फाइल घेऊन आलेली बाई म्हणजे काहीतरी वाईट, एवढं त्याला अनुभवानं माहीत होतं.

मालकांनी सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, बायकोचं कारण पुढं केलं नाही. "तू निर्दोष आहेस हे मला पहिल्यापासून माहीत होतं," ते म्हणाले, "आणि मी बोललो नाही. आता जाऊन पोलिसांना सांगणार आहे. तुला काय म्हणायचंय ते म्हण. मारायचं असेल तर मार."

म्हातारा ऐकत होता. मध्ये एकदा भिंतीला धरून तो खाटेवर बसला. मालकांचं बोलणं संपलं तरी तो त्यांच्याकडे बघेना. तो लेकीकडे बघत होता.

"हिनं ऐकलं का?" त्यानं विचारलं. "हिला नीट कळलं का?"

बफवाली दाराला टेकून उभी होती.

"मला का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"न विचारता सांगितलं असतं तर सफाई दिल्यासारखं झालं असतं," म्हातारा म्हणाला. "ठरवलं होतं, तू विचारशील तेव्हा सांगायचं."

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. साधं सांगणं होतं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. हात कुठं ठेवावेत ते तिला कळेना, मग तिनं ते काळे हात त्याच्या गुडघ्यांवर ठेवले.

"बाबा," ती म्हणाली, "त्या संध्याकाळी तुम्ही कुठं होतात?"

इतकी वर्षं मनात घोकलेलं असणार, पण आता शब्द जुळेनात.

"घरी," तो म्हणाला. "तुला ताप भरला होता. तुझी आई औषध आणायला गेली होती. तू माझ्या मांडीवर होतीस आणि मला उठूच देत नव्हतीस. जरा हललो की रडायचीस. मी तसाच बसून राहिलो, पाय बधिर झाले तरी. कोर्टात हेच सांगितलं. जज्जसाहेब म्हणाले, तू घरी होतास तर साक्षीला कोण होतं? मी म्हटलं, माझी मुलगी होती. त्यांनी विचारलं, केवढी आहे? मी म्हटलं, अजून बोलता येत नाही. सगळे हसले."

मी मालकांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं आणि दार ओढून घेतलं.